टिटवीच्या पोटातला पाऊस

ओल्या विटेच्या आणि वाळलेल्या विटेच्या वजनात एका कोंबडीचा फरक असतो. हे धाकट्याचं म्हणणं. त्याने दोन्ही हातांत धरून बघितलंय म्हणतो, कोंबडीसकट.

*

शाळेच्या खिडकीचे गज एका उंचीवर लखलखीत झाले होते. नऊ वर्षांच्या मुलीचा हात पोचतो त्या उंचीवर.

*

भट्टीवरचं कुत्रं भर उन्हाळ्यात जाड होत चाललं होतं. त्याचं कुणाला नवल वाटलं नाही.

*

ताडपत्री काढली तर विटा वाळतात. घातली तर विटा घामेजतात. रोज सकाळी या दोन्हींतलं एक करावंच लागतं.

*

"हां, सांग गं टिटवे. काय म्हणतंय पोट?"

*

वीटभट्टी दादाची. म्हणजे जमीन दुसऱ्याची, माती ओढ्याकाठची, भट्टी रचायची अक्कल बापाकडून आलेली आणि आवाज तेवढा स्वतःचा. तो आवाज मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न दमता जायचा. धाकटा त्याचा भाऊ, बिनलग्नाचा. गुडघाभर चिखल तुडवता तुडवता सगळ्या मैदानाला हसवायचा. वहिनी ही दादाची बायको. धाकटा वहिनी म्हणायचा म्हणून कामावरची माणसंही वहिनीच म्हणायची, आणि घाईच्या वेळी एकदोनदा दादाच्याही तोंडून तेच निघून गेलं होतं. ती थापायला बसली की बघत राहावं. चिखलाचा गोळा उचलायचा, राखेत लोळवायचा, साच्यात आपटायचा, वरचा चिखल हाताच्या कडेने निपटून काढायचा, साचा उलटा, साचा वर, आणि खाली ओली चकचकीत वीट. तोवर दुसरा गोळा हातात.

आणि टिटवी. दादा-वहिनीची एकुलती एक. काडीसारखे पाय, सदा पळत, आवाज चिरका. नाव धाकट्याने ठेवलं आणि खऱ्या नावाला कुणी विचारीना.

त्या वर्षी उन्हाळ्याने ताळ सोडला होता. सकाळी डोळे दिपवणारं ऊन आणि दुपारी कुठूनसा ढग. त्यातच गावाबाहेर दवाखान्याची मोठी इमारत उठत होती, आणि ठेकेदार दोन्ही भट्ट्यांवर येऊन सांगून गेला होता: ज्याची भट्टी आधी पेटेल त्याचा माल घेईन, सगळ्या इमारतीला. दुसरी भट्टी ओढ्यापलीकडे, तात्याची. तात्या दादाचा जुना दोस्त, आणि म्हणूनच जुना वैरी. दोघांनी त्या दिवसापासून झोपेतही साचे उलटवले असतील.

कच्ची वीट पावसात सापडली की संपली. जी वीट पाडायला सगळ्यांची कंबर मोडते, तिचा पुन्हा चिखल व्हायला पाच मिनिटं लागतात. आणि ताडपत्र्या दादाकडे मैदानाला पुरतील एवढ्या होत्या, पण रोज पांघरून ठेवल्या तर विटा वाळणार कधी आणि भट्टी पेटणार कधी? मोबाईलवर रोज ढगाचं चित्र यायचं. दादा त्याच्याकडे बघून म्हणायचा की हा पाऊस सगळ्या मुलखाला मिळून सांगितलाय, यातला माझ्या मैदानावर किती पडणार ते कोण सांगेल?

*

सांगितलं टिटवीने.

निरभ्र सकाळ होती. टिटवी पाण्याच्या पिंपाला टेकून पोट आवळून बसली होती. वहिनीने विचारलं काय झालं, तर म्हणाली पोटात कालवतंय, पाऊस येणार. दादाला हसू आलं. पण त्या दिवशी तो खुशीत होता, लेकीचं मन राखायचं म्हणून त्याने धाकट्याला हाक मारली आणि दोघांनी निम्मं मैदान झाकून टाकलं. पलीकडून तात्याने ओरडून विचारलं की एवढ्या उन्हात विटांना थंडी वाजते का रे?

दुपारी आभाळ फुटलं.

आणि मग उरलेलं निम्मं मैदान झाकायला जे काय धावले सगळे, दादा ताडपत्रीचं एक टोक दातात धरून, धाकटा घसरून चिखलात बसून तसाच ओढत, बायका पदर कमरेला खोचून दगडं उचलत, वहिनी साच्यासकट पळत सुटलेली कारण साचा खाली ठेवायचं भानच नाही, वाऱ्याने ताडपत्री फुगून एखाद्या जनावरासारखी उसळतेय, तिच्यावर टिटवी पालथी पडलेली, दोन्ही हात पसरून, स्वतःच्या वजनाने तिला दाबून धरत, आणि वरून टपोरे थेंब तिच्या पाठीवर, आणि सगळ्यांच्या ओरडण्यात तिचा चिरका आवाज: मी सांगितलं होतं, मी सांगितलं होतं.

पाऊस थांबला तेव्हा दादाचं मैदान जवळजवळ सगळं शाबूत होतं. ओढ्यापलीकडे तात्याच्या विटांची खीर झाली होती.

दादाने टिटवीला खांद्यावर घेतलं आणि मैदानाभोवती नाचत फेरी मारली. धाकट्याने घमेलं वाजवलं. वहिनी चिखलाच्या हातांनी टाळ्या पिटत होती, तोंडावर शिंतोडे उडत होते, आणि खांद्यावरच्या लेकीचा चेहरा असा उजळला होता की तिला वाटलं, अगं, ही आपलीच का?

*

दुसऱ्यांदाही बरोबर आलं. मग तो नेमच झाला.

सकाळी कामाला हात लागायच्या आत टिटवीला उलट्या पिंपावर उभी करायची. सगळे भोवती. वहिनी तिच्या पोटावर तळहात ठेवायची, कारण तिचं म्हणणं, पोर सांगायच्या आधी मला हाताला कळतं. तसं तिला काही कळत नव्हतं. पण तिला तो हात ठेवणं आवडायचं. टिटवी डोळे मिटायची, जरा वेळाने म्हणायची "नाही", आणि ताडपत्र्या सपासप निघायच्या. म्हणायची "हो", आणि तेवढ्याच झपाट्याने पडायच्या. कामाला असा काही रंग चढला होता की माणसं उजाडायच्या आत येऊन बसायची. तात्याची बायको चॉकलेट घेऊन ओढा ओलांडून आली आणि गोड बोलून विचारायला लागली, तेव्हा वहिनीने तिला उभीच पिटाळली. आमचं पोट आहे, म्हणाली, तुमचं तुम्ही बघा. बोलताना तिचे पाय जमिनीवर नव्हते.

टिटवी चुकायचीही. ते कुणी लक्षात ठेवत नव्हतं. "हो" म्हणाली आणि पाऊस आला नाही तर दादा म्हणायचा, आला होता, वळून गेला.

एकदा मात्र ती "नाही" म्हणाली आणि आला. फार नाही, एक सर. दोन रांगा गेल्या. कुणी तिला बोललं नाही. दादा त्या संध्याकाळी जेवताना गप्प बसला, एवढंच. ताटाकडे बघत जेवला आणि उठला.

दुसऱ्या दिवसापासून टिटवी रोज "हो" म्हणायला लागली.

लखलखीत उन्हात विटा ताडपत्रीखाली घामेजून बसल्या. तीन दिवस झाल्यावर दादाने तिला पिंपावरून उतरवून बाजूला घेतलं, आवाज होता होईल तेवढा मऊ केला आणि सांगितलं की बाळा, भ्यायचं नाही, फक्त नीट सांगायचं. सगळं तुझ्यावर आहे. धाकट्याला वाटलं पोरीला जरा हसवावं. तो म्हणाला, पिंप भरलेलं असलं की वाजत नाही, रिकामं असलं की ठणठण वाजतं. तसं तुझं पोट भरलेलं असणार, म्हणून नीट ऐकू येत नाही.

सगळे हसले. वहिनीही हसली.

कुत्रं जाड व्हायला लागलं ते तेव्हापासून.

*

आता हेच जरा हळू.

पहाटे वहिनीला जाग यायची तर शेजारचं अंथरूण रिकामं. बाहेर बघावं तर टिटवी अनवाणी विटांच्या रांगांमधून चालतेय. प्रत्येक रांगेच्या शेवटच्या विटेला बोट लावतेय. शेवटच्या रांगेपाशी पोचली की थबकते, मागे वळते, मधलीच एखादी रांग राहिली असं वाटून पुन्हा पहिल्यापासून. वहिनीला गंमत वाटली होती. दादाला कौतुकाने म्हणालीसुद्धा, पोरीला कामाची केवढी काळजी आहे बघा.

काळजी हाच शब्द तिने वापरला होता.

मग नखं. बोटांची टोकं लाल दिसायची. मग केस विंचरताना हातात येणारी बट, कारण टिटवीची बोटं सतत कानामागे काहीतरी उपटत असायची. आंघोळ घालताना बरगड्या हाताला लागायच्या, पण उन्हाळ्यात पोरं वाळतातच. प्रत्येक गोष्टीला वहिनीकडे उत्तर होतं. भट्टी पेटेपर्यंत तिला उत्तरंच हवी होती.

शाळेतून बाईंचा निरोप आला. वहिनी हात धुऊन, पण नखांतला चिखल तसाच घेऊन गेली. बाई तरुण होत्या, टेबलावर वह्यांचा ढीग, आवाज बसलेला. त्या म्हणाल्या की तुमची मुलगी दर थोड्या वेळाने उठून दाराशी जाते आणि आभाळ बघते. बसवून ठेवली तरी मान दाराकडेच. येता-जाता खिडकीचा एक एक गज शिवते, कुणी मध्ये आलं तर पुन्हा सुरुवातीपासून.

वहिनी म्हणाली, हुशार आहे ती. आमची सगळी भट्टी तिच्यावर चाललीय.

बाईंनी एक कोरा कागद पुढे सरकवला. काल चित्रकलेच्या तासाला सगळ्यांना सूर्य काढायला सांगितला होता. हा टिटवीचा.

"काही काढलंच नाही तिनं," वहिनी म्हणाली.

"मी विचारलं का. म्हणाली, सूर्य काढला आणि उद्या पाऊस आला तर?"

वहिनी हसायला गेली. तोंड उघडलं, पण हसू काही आलं नाही. येताना ती सबंध वाट स्वतःशी भांडत आली, आणि भांडणात बाईंची बाजू एक तरुण पोरगी काय सांगते म्हणून झटकून टाकत आली, आणि मैदान दिसेपर्यंत ते तिला जमलंही.

*

मग तो दिवस उगवला.

विटा वाळल्या होत्या. आता त्या मैदानातून उचलून भट्टीत रचायच्या, मध्ये कोळशाचे थर द्यायचे, कडेने लिंपायचं आणि आग द्यायची. रचायला एक अख्खा दिवस लागतो आणि त्या दिवशी काही म्हणजे काही झाकून ठेवता येत नाही; माल मैदानात उघडा, डोक्यावर उघडा, भट्टीत उघडा. ओढ्यापलीकडे तात्याची भट्टीही कमरेइतकी चढलेली दिसत होती. त्याची माणसं सकाळपासून हाका मारत होती. एका दिवसाचा प्रश्न होता. आज रचली तर उद्या सकाळी दादाच्या भट्टीचा धूर ठेकेदाराला गावातून दिसणार.

आभाळ ना धड काळं ना धड निळं.

कोण कोण आलं होतं. कामाची माणसं, त्यांच्या बायका, जास्तीची म्हणून बोलावलेली पोरं, कुणी नुसतेच बघे. चुळबुळ, हशा, तंबाखूची देवाणघेवाण. धाकट्याने डोक्याला फडकं बांधून जागच्या जागी दोन उड्या मारल्या. वहिनीच्या छातीत सकाळपासून ढोल वाजत होता; हात नुसते शिवशिवत होते, कधी एकदा पहिली वीट उचलते असं झालं होतं. दादाने टिटवीला उचलून पिंपावर ठेवलं.

"हां, सांग गं टिटवे. काय म्हणतंय पोट?"

टिटवीने डोळे मिटले. सगळे गप्प झाले. गप्प झाल्यावर तिच्या दातांचा आवाज ऐकू यायला लागला.

नेहमीसारखा वहिनीने तिच्या पोटावर हात ठेवला. पोट दगडासारखं कडक होतं. आणि आत, तळहाताखाली, काहीतरी इतकं भराभर उडत होतं की वहिनीला आधी कळेना हे काय आहे. मग कळलं. ते पोरीचं काळीज होतं, पोटापर्यंत आलेलं.

टिटवी खाली वाकली. आईच्या कानाशी तोंड आणलं. तोंडाला रिकाम्या पोटाचा आंबूस वास होता.

"आई, काय सांगू ते तूच सांग."

वहिनीने हात काढला. पोळल्यासारखा. मग दोन्ही हातांनी लेकीला पिंपावरून उतरवलं आणि पायाने पिंप ढकलून दिलं. ते गडगडत मैदानाच्या उतारावर गेलं.

"आजपासून हिला कुणी विचारायचं नाही."

दादाला वाटलं ही काहीतरी लाडात बोलतेय. "मग कुणाला विचारू?"

"मला विचारा."

"तुला कळतं?"

"नाही."

कुणीतरी मागे फिसकन हसलं. दादाचा चेहरा सगळ्यांसमोर हळूहळू तांबडा होत गेला.

"मग चुकलं तर?"

"तर मला बोला. मी मोठी बाई आहे, मला बोलणी खाता येतात. काढा ताडपत्र्या."

*

आणि काढल्या. दादाच्या रागानेच निघाल्या म्हणायला हरकत नाही; त्याने पहिली ताडपत्री अशी हिसडली की दगडं उडाली. पण विटा उचलायला लागल्यावर राग टिकत नाही. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर फळी, फळीवर विटा, पळत जायचं, पळत यायचं. भट्टीवर दादा आणि धाकटा, खालून फेकलेली वीट हवेत झेलत, ठक, ठक, ठक, एकही न चुकता. ओढ्यापलीकडून तात्या शिव्या देत होता, इकडून धाकटा त्या मोजून परत पाठवत होता. भट्टी मांडीएवढी झाली, कमरेएवढी झाली. वहिनी इतकी पळाली की तिला आपण लहान झाल्यासारखं वाटलं. मध्येच तिने पाहिलं, टिटवी छपरीत कुडाला पाठ लावून बसलीय, आभाळाकडे बघू नये म्हणून डोळ्यांवर दोन्ही हात धरून.

भट्टी छातीएवढी झाली आणि पाऊस आला.

सर नव्हती, धो धो आला. माणसं ताडपत्र्यांकडे धावली, दादा भट्टीवरून वहिनीच्या नावाने ओरडत होता, आणि वहिनी धावली ती मात्र छपरीकडे. टिटवी तिथे नव्हती. ती रांगांमध्ये होती, चिखलात, एकेका विटेला बोट लावत, आणि बोट लावील ती वीट बोटाखाली मऊ होत होती. ती रडत नव्हती. पुटपुटत होती: राहिली, ही राहिली, ही राहिली.

वहिनीने तिला कमरेला धरून उचललं. पोरीने हात झाडले, लाथा मारल्या, आईच्या दंडाचा चावा घेतला. वहिनीने सोडलं नाही. पाठीमागे तिच्या हाताने पाडलेल्या विटा बसकण मारत होत्या, एकेक, सावकाश, आणि तिने वळून पाहिलं नाही. छपरीत आणून तिला मांडीवर गच्च धरून बसली. दुपारचा भात झाकून ठेवलेला होता, तो पुढ्यात ओढला. टिटवी तोंड फिरवून बसली.

थोड्या वेळाने दादा आला. नखशिखांत चिखल, डोळे तेवढे पांढरे. मागे धाकटा. भट्टी निम्मी वाचली होती, मैदान गेलं होतं. आता पुन्हा माती, पुन्हा साचा, आणि पलीकडे तात्याने वेळेत झाकून घेतलं होतं, म्हणजे ठेकेदार तात्याचा.

टिटवी आईच्या अंगात शिरायला बघू लागली. तिचे डोळे बापाच्या तोंडाला चिकटले होते.

दादाने तिच्याकडे पाहिलंही नाही. त्याने वहिनीला धारेवर धरलं. तुझ्या अकलेला आग लागो, म्हणाला, पोटाचं नाही, ढगाचं नाही, कुणाचं ऐकलं नाहीस, सगळ्या लोकांत मला गाढव केलंस, माझ्या बापाने अशी भट्टी कधी घालवली नव्हती, ती तू घालवलीस. तू. त्याचा आवाज पावसावर चढून पलीकडच्या तात्यापर्यंत जात असणार. वहिनी मान हलवत होती. हो, म्हणत होती. मीच. हो, माझंच चुकलं.

टिटवीने बापाकडे पाहिलं. मग आईकडे. मग पुन्हा बापाकडे. बोलणी एका तोंडातून निघून दुसऱ्या माणसापर्यंत सरळ जात होती, मध्ये तिच्यापाशी थांबत नव्हती. तिचा हात ताटाकडे गेला. एक घास. मग त्याच्यामागे दुसरा, मोठा.

आधी धाकट्याला दिसलं. त्याने भावाचा दंड धरला.

"दादा, थांबू नको. पोरगी जेवतेय."

दादा थांबलाच. त्याने लेकीकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं.

"अहो, बोला ना," वहिनी म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि गालात हसू दाटलं होतं. "तुमच्या बापाचं काय म्हणत होतात?"

दादाने घसा खाकरला. पुन्हा सुरुवात केली, पण आता जमेना. मग रेटून जमवलं. त्याने साच्यापासून सुरुवात केली, वहिनीचं माहेर घेतलं, मग तात्या, मग ठेकेदार, मग तिच्या विटांचे कोपरे कधीच सरळ नसतात इथवर आला. धाकटा मध्ये मध्ये आठवण करून देत होता. हे राहिलं, दादा, ते राहिलं. बाहेर पाऊस कोसळत होता, आणि टिटवी भात खात होती, बकाबका, शीतं सांडत, कुत्र्याला हुसकत.

*

ती लगेच बरी झाली असं नाही. शाळेच्या खिडकीपाशी ती पुढे कितीतरी दिवस थांबायची. पहाटे उठायची तेव्हा वहिनीही उठायची, बरोबर चालायची, आणि रांग संपायच्या आधी तिला काहीतरी विचारायची, पावसाचं सोडून दुसरं काहीही. कधी ती उत्तर द्यायची, कधी विटेला बोट लावायची. बाईंनी शहरातल्या एका डॉक्टरचं नाव दिलं होतं. दादा आधी भडकला आणि मग गाडीचं बघून आला.

वहिनी आठ वर्षांची होती तेव्हा तिच्या घरी तिच्याकडे एक काम होतं: संध्याकाळी रस्त्याच्या वळणावर उभं राहायचं आणि बाप दिसला की त्याच्या चालीवरून ओळखून घरात पळत येऊन सांगायचं, आज आईने लपायचं की नाही.